स्क्रोल सॉ शिकताना: पहिल्या ब्लेडपासून पोळ्याच्या बैलापर्यंत

स्क्रोल सॉ म्हणजे टेबलावर बसवलेली, विजेवर चालणारी अगदी बारीक करवत. ब्लेड एका जागी वर-खाली चालतं आणि लाकूड आपण दोन्ही हातांनी फिरवायचं. ब्लेडची रुंदी जेमतेम एक मिलिमीटर असल्यामुळे लाकूड जागच्या जागी वळवता येतं. लाकडाच्या मधोमध भोक पाडून त्यातून ब्लेड ओवता येतं, म्हणून कडेला हात न लावता आतली नक्षी कापता येते. देव्हाऱ्याची जाळी, नावाची पाटी, मुलांची जिगसॉ कोडी, पोळ्याचे लाकडी बैल हे सगळं या एका यंत्रावर होतं. भिंतीएवढं वर्कशॉप लागत नाही, ओसरीचा एक कोपरा पुरतो.

नवीन माणूस मशिनची निवड करण्यात महिने घालवतो आणि ब्लेड मात्र मशिनबरोबर आलेलंच वापरत राहतो. पण शिकणाऱ्याची बहुतेक कामं बिघडतात ती चुकीच्या नंबरामुळे, सैल ताणामुळे किंवा बोथट झालेल्या दातांमुळे. म्हणून इथे मशिनबद्दल थोडक्यात आणि ब्लेडबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

मशीन घेताना काय पाहायचं

१६ इंची, १८ इंची, २० इंची असे जे आकडे सांगतात, ते ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतच्या मोकळ्या जागेचे असतात. ब्लेड सगळ्यांत सारखंच, ५ इंची (१२७ मिमी). सुरुवातीला १६ इंच भरपूर झाले. वेग कमी-जास्त करता आलाच पाहिजे. हौशी मशिनवर तो साधारण मिनिटाला ५०० ते १६०० फेऱ्या असतो. एकाच वेगाचं मशीन स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, कारण पातळ प्लाय आणि जाड सागवान एका वेगावर नीट कापले जात नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मशीन कोणतं ब्लेड धरतं. ब्लेड दोन प्रकारची असतात. एकाच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते आणि ते खाचेत अडकवायचं. दुसरं सपाट टोकाचं, ते स्क्रूने आवळायचं. पिनचं ब्लेड बसवायला सोपं, पण ती पिन जायला जवळपास ५ मिमीचं भोक लागतं. एवढ्या भोकात बारीक जाळी संपली. सपाट टोकाचं ब्लेड दीड मिमीच्या भोकातून जातं. म्हणून जे मशीन सपाट टोकाचं ब्लेड धरतं, तेच घ्या.

परदेशातून कोणी आणून देत असेल तर व्होल्टेज बघा. अमेरिकेतली मशिनं (हौशी लोकांत प्रसिद्ध असलेलं डिवॉल्टचं २० इंची डीडब्ल्यू ७८८ धरून) १२० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली की मोटार जळते. वापरलेलं मशीन घेताना वरचा हात (ब्लेडचं वरचं टोक धरणारा दांडा) धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. तिथे खडखड असेल तर कापही तसाच वाकडा येणार.

वीजवापर कमी असतो. हौशी मशिनची मोटार साधारण ९० ते १२० वॉटची, म्हणजे दीड सीलिंग फॅनइतकी. घरच्या इन्व्हर्टरवरही चालते, फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. लाईट गेली की आधी मशिनचा स्विच बंद करायची सवय लावा. साध्या स्विचच्या मशिनवर लाईट परत आली की ब्लेड आपोआप सुरू होतं, आणि तेव्हा आपला हात ब्लेड बदलण्यात गुंतलेला असू शकतो.

मशीन जड टेबलाला चार नट-बोल्टनी आवळून टाका, खाली रबराचा तुकडा घाला. नुसतं ठेवलेलं मशीन थरथरतं आणि ती थरथर रेषेत उतरते. खुर्चीवर बसल्यावर मशिनचं टेबल कोपराच्या उंचीला यावं. खांदे वर उचलून काम केलं तर अर्ध्या तासात मान धरते.

ब्लेडचे नंबर

नंबर वाढतो तसं ब्लेड रुंद आणि दात मोठे होतात. सुरुवातीला तीनच नंबर घ्या, प्रत्येकी एक डझन: २, ५ आणि ७.

नंबर २ साधारण पाऊण मिमी रुंद, इंचाला २० च्या आसपास दात. ३ ते ६ मिमी (एक-दोन सूत) जाडीचा प्लाय आणि बारीक जाळी यासाठी. नंबर ५ साधारण एक मिमी रुंद, इंचाला १२-१३ दात. ९ ते १८ मिमीच्या लाकडाला हेच. शिकण्याचं सगळं काम यावर होतं. नंबर ७ पाऊण इंच ते एक इंच जाड लाकडाला. २/० हे फार बारीक ब्लेड असतं, ते हात बसल्यावर घ्या, आधी घेतलंत तर डझनभर तासाभरात तुटतील. नंबर ठरवताना एक हिशोब लक्षात ठेवा: लाकडाच्या जाडीत एका वेळी निदान दोन-तीन दात असले पाहिजेत. त्याहून कमी असले की ब्लेड कापण्याऐवजी लाकडाला झटके देतं.

दातांचीही घडण वेगवेगळी असते. एक दात सोडून एक असलेलं ‘स्किप टूथ’ ब्लेड भुसा लवकर बाहेर टाकतं आणि कमी तापतं. ‘रिव्हर्स टूथ’मध्ये खालचे काही दात उलटे, वर तोंड केलेले असतात. त्यामुळे प्लायच्या खालच्या बाजूला निघणाऱ्या चिंध्या जवळजवळ थांबतात. प्लायवर काम करायचं तर रिव्हर्स टूथच घ्या. बसवताना ब्लेड वरच्या टोकाला गेलेलं असताना दोन-तीन उलटे दात टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर ब्लेड थोडं वर सरकवा. सगळीकडे फिरणारं गोल पिळाचं ब्लेडही मिळतं. लाकूड न फिरवता कापता येतं म्हणून नवख्याला ते आवडतं, पण त्याचा काप रुंद आणि खरबरीत येतो. ते नंतर.

ब्लेड बसवणं आणि ताण

१. प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

२. नव्या ब्लेडवर गंज लागू नये म्हणून तेल असतं. दोन्ही टोकं थिनरच्या फडक्याने पुसा आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर एकदा घासा. चालू कामात ब्लेड पकडीतून निसटतं त्याचं कारण बहुतेक वेळा हे तेलच.

३. दात तुमच्याकडे आणि खाली तोंड करून हवेत. दिसत नसेल तर बोट खालून वर हलकेच फिरवा. खरखर अडकलं तर बरोबर, गुळगुळीत सरकलं तर ब्लेड उलटं आहे. ब्लेड उलटं बसलं की लाकूड टेबलावरून उचललं जातं आणि थाडथाड आपटतं.

४. आधी खालची पकड आवळा, मग वरची, मग ताण द्या.

५. बोटाने ब्लेड तारेसारखं छेडा. तुणतुण्याच्या तारेसारखा उंच, स्वच्छ आवाज आला पाहिजे. भद्द आवाज म्हणजे सैल. बाजूने दाबल्यावर एक-दीड मिमीपेक्षा जास्त हलू नये.

सैल ब्लेड जाड लाकडात पोटात फुगतं. वरून रेषा सरळ दिसते आणि तुकडा बाहेर काढला की कड पिंपासारखी गोल निघते. ताण फार झाला तर ब्लेड पकडीजवळच तुटतं. कुठे तुटलं ते बघत जा: पकडीजवळ तुटलं तर ताण जास्त, मधोमध तुटलं तर बहुतेक तुम्ही लाकूड ढकलत होता किंवा ब्लेड मेलेलं होतं.

ब्लेड किती वेळ चालतं? कठीण लाकडात पंधरा ते तीस मिनिटं. हे ऐकून नवखे दचकतात आणि एकच ब्लेड दिवसभर चालवतात. ब्लेड ही वापरून टाकायची वस्तू आहे. ते बोथट झालं की आपण नकळत जोर लावतो आणि जोर लावला की ब्लेड रेषा सोडतं. प्लायमधला डिंक आणि सागवानातली सिलिका दोन्ही दात लवकर खातात, तिथे वीस मिनिटांनी ब्लेड बदललंच पाहिजे.

टेबल काटकोनात आहे का

मशीनवरच्या अंशांच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. दीड इंच जाडीचा एखादा तुकडा घ्या, त्याच्या कडेला दोन मिमी खोल खाच पाडा आणि मशीन बंद करा. आता तो तुकडा फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूला न्या आणि तीच खाच ब्लेडवर बसवून बघा. ब्लेड वरपासून खालपर्यंत खाचेत सरळ बसलं तर टेबल काटकोनात आहे. नसेल तर जेवढा फरक दिसतो त्याच्या निम्मंच टेबल कलवा, कारण या पद्धतीत चूक दुप्पट होऊन दिसते. छोटा गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) असेल तर तोही चालतो. ब्लेडला ताण दिल्यानंतरच मोजा.

लाकूड कुठून आणायचं

शिकायला फर्निचरवाल्यांकडे उरलेले प्लायचे तुकडे पुरतात. ६, ९ आणि १२ मिमी जाडी बघा. घेताना कडेने उजेडात धरा. थरांमध्ये काळी पोकळी दिसली तर तो तुकडा सोडा, जाळीची बारीक पट्टी नेमकी त्या पोकळीवर येते आणि तुटते. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) लोण्यासारखं कापतं, पण त्याचा भुसा सगळ्यात वाईट, मास्कशिवाय त्याला हात लावू नका.

मराठवाड्यात खरं लाकूड मिळायला अडचण नाही, निवड मात्र विचारपूर्वक करा. आंब्याचं लाकूड मऊ, स्वस्त आणि नवख्याला चांगलं. फक्त त्याला कीड लवकर लागते, म्हणून काम झाल्यावर पॉलिश करायला उशीर करू नका. कडुनिंब मध्यम कठीण, पण त्याच्या रेषा एकमेकांत गुंतलेल्या असतात आणि भुसा कडू, नाकात झोंबतो. बाभूळ बैलगाडीच्या कामाची, या मशिनला नको, निदान पहिल्या वर्षी तरी नको. सागवान सुंदर. किनवटच्या जंगलाचं सागवान नावाजलेलं आहे, पण शिकताना ते वाया घालवू नये.

जुन्या वाड्यांच्या पाडकामातलं सागवान वखारीत मिळालं तर जरूर घ्या. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं लाकूड आता फारसं वाकत-आकसत नाही. आधी त्यावर चुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा लागला की ब्लेड गेलंच.

वाळूज, शेंद्रा, जालना अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास भंगारवाल्यांकडे पाइनची पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) येतात. पाइन मऊ, हलकं आणि कापायला सोपं. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर छाप असतो. ‘एचटी’ अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड वायू सोडलेला आहे, ते घरात आणू नका.

ओलं लाकूड कापू नका. शेतातलं निंबाचं झाड पडलं आणि फळ्या काढून आणल्या तर एक इंच जाडीला सावलीत वर्षभर वाळवण धरा. टोकांना जुना रंग फासा, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून थर लावा. आपल्या उन्हाळ्यात फळी उघड्यावर ठेवली तर टोकाकडून फाटत येते.

नक्षी चिकटवणं

आधी लाकूड १२०, मग १८०, मग २२० नंबरच्या पेपरने घासून घ्या. कापल्यानंतर बारीक जाळी घासायला गेलात तर मोडते. मग लाकडावर मास्किंग टेप लावा, कागदाला मागून ग्लू स्टिक लावा आणि कागद टेपवर चिकटवा. काम संपल्यावर टेप ओढली की कागद निघतो, लाकडाला डिंक राहत नाही. फेविकॉलने कागद थेट लाकडावर चिकटवू नका, तो खरवडून काढताना सगळी नक्षी खराब होते.

कागदावरून आणखी एक थर पारदर्शक पॅकिंग टेपचा द्या. त्याने ब्लेडला जणू वंगण मिळतं आणि सागवान, शिसव अशा लाकडाच्या कडा जळून काळ्या पडत नाहीत. तरीही कड जळत असेल तर वेग कमी करा, ब्लेड बदला, आणि कोपऱ्यात थांबून राहू नका.

पहिले दोन तास: नुसता सराव

१२ मिमी प्लाय, नंबर ५ ब्लेड, वेग मध्यम. प्लायवर स्केचपेनने दहा सेंटीमीटरच्या सरळ रेषा, नागमोडी रेषा, एक गोगलगाय आणि करवतीच्या दातांसारखे कोपरे काढा.

सरळ रेषाच सगळ्यात अवघड असते. ब्लेड घडवताना दातांच्या एका बाजूला बारीक धार राहते, त्यामुळे ते एका अंगाला, बहुतेक वेळा उजवीकडे ओढतं. याला मशीन दोषी नाही. रेषा ब्लेडकडे अगदी सरळ न नेता तीन-चार अंश तिरकी ढकला. किती तिरकी ते पाच-सहा रेषांत हाताला कळतं. ब्लेड बदललं की तो कोन थोडा बदलतो.

दहा सेंटीमीटर कापायला सुरुवातीला एक मिनिट तरी लागू द्या. बोटांनी लाकूड खाली दाबून ठेवायचं आणि पुढे नेताना ब्लेड जेवढं खाईल तेवढंच द्यायचं. ब्लेड मागे वाकलेलं दिसलं की जोर जास्त झाला. नजर ब्लेडवर नको, ब्लेडच्या पुढे अर्धा सेंटीमीटर रेषेवर ठेवा.

टोकदार कोपऱ्यासाठी कोपऱ्यापर्यंत जा, अर्धा मिमी मागे या, आणि ब्लेड चालू असतानाच लाकूड पटकन फिरवा. ब्लेडची पाठ कापलेल्या मोकळ्या जागेत असते, म्हणून ते फिरतं. बाहेरच्या कोपऱ्याला आणखी सोपी युक्ती आहे: रेषेच्या पुढे टाकाऊ भागात जाऊन गोल वळसा घ्या आणि दुसऱ्या रेषेवर परत या.

बोटं ब्लेडच्या समोर रेषेत ठेवू नका, दोन्ही बाजूंना ठेवा. चष्मा आणि एन ९५ मास्क लावा. मशिनचा छोटा ब्लोअर रेषेवरचा भुसा उडवतो तो थेट तुमच्या तोंडाकडे, आणि लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं श्वासात गेला तर तो कर्करोगाचं कारण ठरू शकतो. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस बांधून घ्या. ब्लेड तुटलं तर फाटकन आवाज येतो, घाबरू नका. हात तिथेच ठेवा, स्विच बंद करा, मग बघा.

पहिलं काम: पोळ्याचा बैल

१८ मिमी (सहा सूत) जाड पाइन किंवा आंबा, साधारण १५० बाय १२० मिमीचा तुकडा. बैलाची बाजूने दिसणारी आकृती कागदावर काढा. वशिंड ठळक ठेवा, पाय निदान १२ मिमी रुंद आणि शिंगं बुडाशी ८ मिमी. याहून बारीक केलीत तर मुलांच्या हातात टिकत नाहीत.

कागद चिकटवताना लाकडाच्या रेषांची दिशा बघा. रेषा उभ्या हव्यात, पायांच्या लांबीबरोबर. आडव्या ठेवल्या तर चारही पाय आणि शिंगं पहिल्यांदा पडल्याबरोबर मोडतात, कारण लाकूड रेषेच्या बाजूने सहज फाटतं.

वेसणीसाठी नाकाजवळ २ मिमीचं भोक आताच पाडा, तुकडा चौकोनी असेपर्यंत. बैल कापून झाल्यावर तो ड्रिलखाली नीट धरता येत नाही. भोक पाडताना खाली टाकाऊ फळी ठेवा.

शेपूट सुटी दाखवायची असेल तर शेपूट आणि पाय यांच्यामधली फट आधी कापा. तिथेही भोक पाडा, ब्लेड वरून सोडवून ओवा, परत आवळा, ताण द्या. आतली कामं आधी आणि बाहेरची रेषा शेवटी, हा क्रम कुठल्याही नक्षीत पाळा. बाहेरून आधी कापलं तर हातात धरायला लाकूडच उरत नाही.

बाहेरच्या रेषेची सुरुवात पोटाखालून करा. सुरू केल्या जागी परत आल्यावर हमखास छोटा उंचवटा राहतो, तो पोटाखाली लपतो आणि कानशीने काढता येतो. पाय कापून झाले की बैल काचेवर उभा करून बघा. डुगडुगला तर १२० चा पेपर सपाट फरशीवर पसरा आणि चारही खूर एकदम त्यावर घासा.

यानंतर: जाळी

बैल दोन-तीन झाले की ६ मिमी प्लायवर नंबर २ ब्लेडने जाळीचा चौकोन करा, १०० मिमीचा. बिबी का मकबऱ्याच्या संगमरवरी जाळीचे नमुने सरावाला उत्तम आहेत, कारण त्यांच्या सगळ्या पट्ट्या एकमेकींना सांधलेल्या असतात. पैठणीच्या पदरावरचा बांगडी मोर लाकडात आणताना इथेच फसगत होते. विणकामात मोर बांगडीच्या आत मोकळा बसतो, लाकडात तो गळून पडतो. चोच, पाय आणि पिसारा अशा तीन ठिकाणी तो बांगडीला निदान एक सूत रुंदीने जोडा आणि मगच नक्षी कापायला घ्या.

एकसारखे चार नग हवे असतील तर ३ मिमीचे चार तुकडे एकावर एक ठेवा, कडांना टेप गुंडाळा आणि एकदम कापा. १२ मिमी झाले म्हणून ब्लेड नंबर ५ चं घ्या, आणि नक्षीही त्या मानाने थोडी मोठी ठेवा.

पॉलिश आणि रंग

भुसा फुंकून, ब्रशने झाडून काढा. लाखेचं पॉलिश घरी होतं: १०० मिली पॉलिशच्या स्पिरिटमध्ये १५ ते २० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळून घ्या, पातळ तीन हात द्या. चहाच्या कपाखाली ठेवायच्या वस्तूला मात्र लाख नको, गरम कपाने पांढरे डाग पडतात. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावा.

बैलाला जवसाचं तेल छान दिसतं. फडक्याने लावा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर धोका आणखी वाढतो. फडकं पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

शिंगांना हिंगुळाचा तांबडा रंग हवासा वाटतोच, पण खरा हिंगूळ पाऱ्याचा असतो आणि लहान मुलं खेळणं तोंडात घालतात. अॅक्रिलिक तांबडा वापरा. अॅक्रिलिक तेलावर धरत नाही, म्हणून शिंगं आणि झूल आधी रंगवा, वाळू द्या, आणि तेल फक्त उरलेल्या लाकडाला लावा. घरी कढवलेलं किंवा घाण्यावरचं कच्चं तेल पूर्ण वाळायला आठ-दहा दिवस सहज घेतं, पावसाळ्यात त्याहूनही जास्त. श्रावणी अमावास्येला बैल पूजेत मांडायचा तर कापून, घासून, तेलाचा शेवटचा हात नागपंचमीच्या आत झालेला असावा.